लेफ्कराला जायचंय? मग एक रात्र राहायच्या तयारीने जा

सायप्रसला नोकरीनिमित्त आलेल्या किंवा आठ दिवसांच्या सहलीवर असलेल्या मराठी माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, "डोंगरात लेफ्करा नावाचं गाव आहे, लेस मिळते, दोन तासांत बघून होतं." यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसऱ्या वाक्यावर आम्हीही विश्वास ठेवला होता. लिमासोलला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही दुपारी बाराला तिथे पोचलो, उन्हात चढ चढलो, एका दुकानात घाम पुसत टेबलक्लॉथ उलटसुलट केला, किंमत ऐकून परत ठेवला आणि दोनला खाली उतरलो. गाव पाहिलं असं त्याला म्हणता येणार नाही. पुढच्या काही वर्षांत अनेकदा जाणं झालं आणि बऱ्याच गोष्टी हळूहळू कळल्या. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या आधीच कळाव्यात, म्हणून हे टिपण.

नाव आणि जागा

उच्चार लेफ्करा, जोर पहिल्या अक्षरावर. गावं दोन आहेत: पानो लेफ्करा आणि कातो लेफ्करा. पानो म्हणजे वरचं, कातो म्हणजे खालचं. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द लावतात, तसलाच हा प्रकार. दुकानं, संग्रहालय, खानावळी हे सगळं पानोत. नकाशावर पत्ता टाकताना 'पानो' लिहायला विसरू नका.

गाव ट्रूडोस पर्वताच्या दक्षिण उतारावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण आपल्या लोणावळ्याइतकं. पण लोणावळ्याची हिरवाई मनात धरून जाऊ नका. इथले डोंगर चुनखडीचे, पांढुरके. ग्रीकमध्ये 'लेफ्को' म्हणजे पांढरं आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. उतारावर ऑलिव्ह आणि कॅरोबची (गोड शेंगांची) झाडं, मधे दगडी बांध, आणि एकदम वळणावर लाल कौलांचं गाव दिसतं.

कागदपत्रं

लेफ्करा दक्षिणेकडच्या सायप्रस प्रजासत्ताकात आहे. हा देश २००४ पासून युरोपीय संघात आहे आणि २००८ पासून इथे युरो चालतो. शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाबतीत मात्र घाईने काही गृहीत धरू नका. सायप्रस बरीच वर्षं शेंगेनबाहेर होता आणि आत जाण्याची त्याची खटपटही तितकीच जुनी. त्यामुळे कोणता व्हिसा चालेल हे अर्ज करायच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा, मित्राच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

१९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य उत्तरेत उतरलं, तेव्हापासून बेटाची फाळणी झालेली आहे. उत्तर भागातल्या एर्जान विमानतळावरून बेटावर येणं हे प्रजासत्ताक बेकायदा प्रवेश मानतं. तिकीट स्वस्त दिसलं तरी लार्नाका किंवा पाफोसलाच उतरा.

सामानाविषयी एकच सूचना: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने बांधून दिलेलं तूप आणि खवा घरीच राहू द्या. मसाले आणि डाळी लार्नाका-लिमासोलच्या भारतीय दुकानांत मिळतात.

पोचायचं कसं

या देशात आगगाडी नाही. इंग्रजांनी १९०५ मध्ये सुरू केलेली रेल्वे १९५१ मध्ये बंद पडली, त्यानंतर रूळ परत आले नाहीत. बस आहे, पण डोंगरातल्या गावांच्या बसगाड्या शाळा आणि नोकरीच्या वेळांना बांधलेल्या असतात, आणि शनिवार-रविवारी तर आणखी कमी. बसने जायचं ठरवलं तर जाण्याची वेळ नंतर बघा, आधी परतीची शेवटची बस कधी ते बघा.

सोपा मार्ग म्हणजे भाड्याची गाडी. इथे आपल्या माणसाला एक अनपेक्षित दिलासा आहे: सायप्रसमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालतात. इंग्रज १९६० मध्ये गेले, डावी बाजू आणि तीन जाड पिनांचा प्लग मागे ठेवून गेले. युरोपात दुसरीकडे गाडी चालवताना चौकाचौकात जो गोंधळ उडतो तो इथे उडत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट लाल असते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे मागच्याला कळतं आणि तो थोडं सांभाळून घेतो. (थोडंच.)

लार्नाका विमानतळापासून गाव सुमारे ४० किलोमीटर. निकोसियाहून आणि लिमासोलहूनही पाऊण-एक तासात पोचता येतं. निकोसिया-लिमासोल महामार्गावरून स्कारिनूच्या आसपास लेफ्कराची पाटी दिसते, तिथून वर वळायचं. महामार्गावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. वरचा रस्ता चांगला आहे, वळणं आहेत, पण वरंधा घाट उतरलेल्या माणसाला ती वळणं वाटायची नाहीत.

गावात गाडी घालायचा मोह टाळा. गल्ल्या गाढवाच्या रुंदीच्या आहेत. तिथे उलट्या गिअरमध्ये येताना बघायला म्हातारे आजोबा खुर्ची वळवून बसतात, हे मी गाडीच्या आतून पाहिलेलं आहे. बाहेरच्या बाजूला गाडी लावा आणि चालत आत या.

कधी

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात पांढऱ्या डोंगरावर रानफुलं असतात. ऑक्टोबरनंतर ऑलिव्ह उतरवायला सुरुवात होते. जुलै-ऑगस्टची दुपार इथेही भाजून काढते, फक्त संध्याकाळी किनाऱ्यावरच्यासारखं चिकट होत नाही. हिवाळ्यात गाव सुंदर दिसतं, पण काही खानावळी बंद असतात आणि दगडी घरांत थंडी हाडापर्यंत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी मुक्काम करणार असाल तर खोलीत गरम करायची सोय आहे ना, हे आरक्षण करतानाच विचारा.

१५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो, तेव्हा अख्खं बेट डोंगरात येतं. १४ सप्टेंबरला पवित्र क्रुसाचा सण, आणि पानो लेफ्कराचं मुख्य चर्च क्रुसाचंच असल्यामुळे ती या गावची जत्राच. गर्दी चालत असेल तर मुद्दाम जा, शांतता हवी असेल तर हे दोन दिवस सोडा. रविवारी दुपारी निकोसियाची कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला वर येतात. माझं मत विचाराल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारनंतर पोचा, रात्री राहा, दुसऱ्या दिवशी दुपारी निघा.

असं का? सहलीच्या बसगाड्या साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात येतात. तेवढ्या वेळात गाव दुकान होतं. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारची झोप, दारं ओढलेली, रस्त्यावर फक्त मांजरं. आणि पाचच्या पुढे त्याच दारांतून खुर्च्या बाहेर येतात, बायका विणकामाच्या उशा मांडीवर घेऊन बसतात, गप्पा सुरू होतात. आपल्याकडे संध्याकाळी ओट्यावर बसतात तसं. फक्त इथे हात रिकामे नसतात.

मुक्काम

जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना देण्याची पद्धत सायप्रसमध्ये १९९० च्या दशकापासून चांगली रुजली आहे. त्याला इथे 'अ‍ॅग्रोटुरिझम' म्हणतात. शेतीशी त्याचा फार संबंध असेलच असं नाही. दगडी कमान, मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि लाकडी जिना, असा साधारण नकाशा. बहुतेक ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं, शाकाहारी माणसाने अशीच जागा बघावी. चढण किती, खोली कितव्या मजल्यावर, आणि गाडी किती लांब लावावी लागेल, हे तीन प्रश्न विचारा. चाकांची बॅग फरसबंदी गल्लीतून ओढत नेण्याचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो. पाठीवरची पिशवी बरी.

पोचल्यावर पहिला तास

दुकानात शिरू नका. आधी कॉफी प्या.

गावातलं कॉफीचं दुकान म्हणजे काफेनियो. जुन्या काफेनियोत बहुतेक पुरुष मंडळी असतात, पत्ते किंवा तावली (बॅकगॅमन, पटावरचा फाशांचा खेळ) खेळत. परक्या बाईने गेलं तर कुणी काही म्हणत नाही, मी कायम गेले. कॉफी मागताना साखर आधीच सांगावी लागते, कारण ती पाण्याबरोबरच उकळतात: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रियो' मध्यम, 'ग्लिको' गोड. आपल्या चहाच्या सवयीला 'ग्लिको'. खाली गाळ राहतो, तो प्यायचा नाही. आणि चव ओळखीची वाटली तरी तिला 'टर्किश कॉफी' म्हणू नका. ती इथे सायप्रसची कॉफी आहे. १९७४ ची जखम असलेल्या देशात हा शब्दांचा खेळ नसतो. याच गावात एक छोटी मशीदही आहे. एके काळी इथे ग्रीक आणि तुर्की भाषा बोलणारे शेजारी शेजारी राहत होते. ते तुर्की शेजारी आता इथे नाहीत. विषय आपणहून काढू नये, कुणी म्हाताऱ्याने काढला तर ऐकावं.

दोन-चार शब्द पाठ करून जा. सकाळी 'कालीमेरा', संध्याकाळी 'कालीस्पेरा', कुणालाही भेटताना 'यासास', आभाराला 'एफ्खारिस्तो'. उच्चार चुकला तरी माणसं हसून दुरुस्त करतात. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं, तरी दारातल्या आजींना आधी 'कालीस्पेरा' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एक शब्द तुम्हाला ऐकू येईल: 'कोपियास्ते'. कुणी जेवत असेल, कॉफी पीत असेल आणि तुम्ही समोरून गेलात तर तो म्हणतो. अर्थ अगदी आपल्या 'या जेवायला'चा. आणि आपल्यासारखंच, कधी ते मनापासून असतं, कधी रीत म्हणून. फरक ओळखायची रीतही आपलीच: एकदा हसून नको म्हणा. खुर्ची ओढली गेली तर बसा.

लेस: आधी बघायला शिका

'लेस' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर फ्रॉकच्या काठाला लावायची पट्टी येते. लेफ्कराची लेस ती नव्हे. हे जाड लिननच्या कापडावरचं जाळीचं भरतकाम आहे आणि तिथे त्याला लेफ्करीतिका म्हणतात. कापडातलेच ताणे-बाणे मोजून कापायचे, काढून घ्यायचे, आणि उरलेल्या धाग्यांवर सुईने गुंडाळत, भरत जाळी उभी करायची. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या वर्णनानुसार ती निदान चौदाव्या शतकापासून चालत आलेली आहे आणि तिचे चार मूळ घटक आहेत: धागे काढून घातलेली हेमटीप, कापून केलेली जाळी, सॅटिन टाक्याची भरणी आणि सुईने विणलेला काठ. बेटावर १४८९ पासून व्हेनिसचं राज्य होतं. तिथल्या सरदार घराण्यांतल्या बायकांच्या भरतकामाचा, बिझंटाइन भौमितिक नक्षीचा आणि स्थानिक कामाचा संगम यात दिसतो.

मुलगी हे आईकडून, आजीकडून शिकायची आणि लग्नाआधी आपल्या संसाराची वस्त्रं स्वतः तयार करायची. आपल्या रुखवताशी याचं नातं लगेच लक्षात येतं. भरतकाम करणाऱ्या बायकांना प्लूमारिसेस म्हणतात. आणि मग पुरुष काय करायचे? विकायला बाहेर पडायचे. केंदितारिदेस नावाचे हे फिरते व्यापारी बायकांनी केलेली वस्त्रं पेटीत भरून युरोपभर दारोदार हिंडले. गावातली ती उंच, रुबाबदार, लाकडी सज्ज्यांची घरं बऱ्याच अंशी याच पैशावर उभी राहिली. घर बघताना हे आठवा: भिंत पुरुषाच्या नावावर, पैसा बाईच्या सुईचा.

एक गोष्ट प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. लिओनार्दो दा विंची १४८१ मध्ये इथे आला आणि त्याने मिलानच्या कॅथीड्रलसाठी वस्त्र नेलं. त्याच्या नावाची एक नक्षीही आहे. या भेटीचा ठोस पुरावा नाही. ऐकावी, मान डोलवावी, वाद घालू नये. आपल्याकडे प्रत्येक डोंगरात पांडवांनी एका रात्रीत लेणं कोरलेलं असतंच की.

आता नक्षी. सगळ्यात महत्त्वाची 'पोतामोस', म्हणजे नदी: त्रिकोणांची नागमोडी ओळ. (हिप्पोपोटॅमसमधला पोटॅमस तो हाच, पाणघोड्यातलं पाणी.) ही नदी ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं. रंग पांढरा, फिका बदामी आणि तपकिरी. भडक निळ्या-गुलाबी दोऱ्याचं काही दाखवलं तर ते छान असेल, पण परंपरेतलं नव्हे.

खरेदीला उतरण्याआधी पात्सालोस घराण्याच्या जुन्या वाड्यातलं भरतकाम आणि चांदीकामाचं संग्रहालय बघा. वेळ आणि सुट्टीचा वार मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. तिथे जुने नग जवळून बघितले की डोळा तयार होतो, आणि त्यानंतर दुकानातली यंत्राची लेस आपोआप खटकायला लागते.

माझा डोळा तयार व्हायच्या आधीची गोष्ट सांगते. किनाऱ्यावरच्या एका दुकानातून मी 'हाताने केलेला' टेबल रनर घेतला, नणंदेला द्यायला. एकदा धुतल्यावर जाळीच्या कडा पिंजल्या. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही.

कापड उलटं करा. खऱ्या कामाची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते, गाठी आणि लोंबते दोरे दिसत नाहीत. मग जाळीचं एक भोक निवडा आणि त्याची कड बघा: कापडाचेच धागे दोऱ्याने घट्ट गुंडाळलेले हवेत. कड नुसती शिलाई मारून कापलेली असेल तर ते यंत्राचं. तिसरं, एकाच नक्षीचे दोन तुकडे शेजारी धरा. हातात किंचित फरक असतोच, दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर शंका घ्या. चौथं, कापड मुठीत चुरगाळा (आधी विचारून). लिनन थंड, वजनदार लागतं आणि त्याला सुरकुती पडते. ज्याला सुरकुतीच पडत नाही त्यात पॉलिस्टर आहे. आणि शेवटी सरळ विचारा: हे कुणी केलं, किती दिवस लागले? ज्या दुकानात खरं काम आहे तिथली बाई हा प्रश्न ऐकून खूश होते आणि बोलायला लागते. मोठ्या टेबलक्लॉथला महिनोन्‌महिने जातात, एकीच्या डोळ्यांनी तो पुरा होईलच असंही नाही.

बऱ्याच दुकानांत दोन्ही प्रकारचा माल असतो. यंत्राची लेस विकणं हा गुन्हा नाही, ती हाताची म्हणून विकणं हा आहे. म्हणून 'हाताने, इथे केलेलं' असं बिलावर लिहून मागा.

घासाघीस? मसाल्याच्या बाजारासारखी नको. दोन-तीन वस्तू घेत असाल तर दुकानदार स्वतःच थोडं कमी करतो. पैसे कमी असतील तर मोठा यंत्राचा टेबलक्लॉथ घेण्यापेक्षा हाताचा लहान रुमाल किंवा बशीखालचा चौकोन घ्या. बायका गल्लीत बसून काम करताना फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि फोटो काढून लगेच पुढे चालू पडू नका. जरा थांबा, टाका बघा. मला भरतकाम येतं म्हटल्यावर एका आजींनी माझ्या हातात सुई दिली, चार टाके बघितले, आणि काही न बोलता ते उसवले.

चांदी

लेफ्कराची दुसरी कला चांदीची, बारीक तारेची. अंगठ्या-कानातली आहेतच, पण मुद्दाम बघण्यासारख्या दोन वस्तू म्हणजे काप्निस्तिरी आणि मेरेखा. काप्निस्तिरी म्हणजे धूपदाणी, आणि मेरेखा बघताच तुम्ही म्हणाल, ही तर आपली गुलाबदाणी! काम तेच, गुलाबपाणी शिंपडण्याचं. धूपदाणीत ऑलिव्हची वाळलेली पानं जाळून घरातल्यांवरून फिरवतात, कशासाठी, तर दृष्ट लागू नये म्हणून. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणाऱ्या माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

खाणं

मांसाहारी असाल तर गावाचा स्वतःचा पदार्थ आहे: तावास. मटण, तांदूळ, टोमॅटो, कांदा आणि भरपूर जिरं, मातीच्या भांड्यात भट्टीत सावकाश शिजवलेलं. नाव भांड्यावरून आलं आणि तो शब्द आपल्या तव्याचा भाऊबंद, दोन्ही फारसीतून फिरत आलेले. परदेशात पहिल्यांदा जिऱ्याचा घमघमाट आला की माणूस हळवा होतो, हे नमूद करते.

शाकाहारी माणसाने घाबरून जाऊ नये, पण 'व्हेजिटेरियन' शब्दापेक्षा एक जास्त उपयोगी शब्द शिकून घ्यावा: निस्तीसिमो, म्हणजे उपासाचं. इथला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणूस ईस्टरआधीचे चाळीस-पन्नास दिवस, १ ते १४ ऑगस्ट, शिवाय बरेच बुधवार-शुक्रवार उपास करतो. आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे स्वयंपाकघराला असं जेवण करायची सवय असते. फक्त एक फट आहे: कालवं, कोळंबी, ऑक्टोपस उपासाला चालतात. 'निस्तीसिमो, आणि समुद्रातलंही काही नको' असं पूर्ण सांगा. आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो आणि भात चालत नाही, हे परक्याला समजावून बघा, म्हणजे त्यांची पंचाईत कळेल.

मागायचं काय? लूव्ही, म्हणजे आपली चवळी, पालेभाजी किंवा दुधीसारख्या कोवळ्या भोपळ्याबरोबर उकडलेली, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. बरोबर कच्चा कांदा येतो आणि बऱ्याचदा डब्यातला ट्यूना मासाही येतो, तो नको म्हणून आधीच सांगा. पूर्गूरी, म्हणजे गव्हाच्या दलियाचा टोमॅटो-कांदा घातलेला मऊ भात, दही घेऊन खाल्ला की पोट शांत. हालूमी चीज जाळीवर भाजलेलं. आणि थंडीत कोलोकासी दिसली तर सोडू नका, ती आपली अळकुडीच, आकाराने दांडगी. सोलल्यावर ती धूत नाहीत आणि सुरीने सरळ न कापता सुरी रुतवून तुकडा मोडतात, म्हणजे बुळबुळीत होत नाही. ही युक्ती मी घरी करून पाहिली, खरी आहे. बहुतेक ठिकाणी ती डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, नुसती टोमॅटो-सेलरीतली मिळते का ते विचारून घ्या.

मेझे मागवणार असाल तर दुपारी उपाशी राहा. एकामागून एक लहान बशा येत राहतात, वीसच्या आसपास, आणि पहिल्या पाच बशांवर ताव मारणारा नवखा माणूस दहाव्या बशीला हात टेकतो. बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसं लागतात.

गोडात ग्लिको: अख्खं फळ किंवा कोवळा अक्रोड सालीसकट पाकात मुरवलेला, बशीत एकच, बरोबर थंड पाणी. मोरावळ्याच्या जातीचा. लुकूमी, म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेल्या मऊ वड्या, गावातच बनते, ताजी घ्या. आणि कॅरोबचा काळा पाक बाटलीत मिळतो. काकवीच्या शेजारी ठेवला तर चव ओळखताना क्षणभर अडखळाल.

चर्चमध्ये

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चपला काढायच्या नाहीत. आपला पाय उंबऱ्याशी आपोआप अडखळतो, तरी नाही काढायच्या. दारापाशी मेणबत्त्या असतात, पैसे पेटीत टाकून एक लावली तर कुणाला वावगं वाटत नाही. लाकडी नक्षीच्या पडद्यामागे जायचं नाही, ते गाभाऱ्यासारखं. फोटो विचारूनच. पानोचं पवित्र क्रुसाचं चर्च मोठं आहे. मला मात्र कातो लेफ्करातलं आर्कएंजल मायकेलचं लहानसं जुनं चर्च जास्त आवडतं, आत जुनी भित्तिचित्रं आहेत. दार बंद असेल तर किल्ली कुणाकडे हे शेजारच्या घरी विचारा, पुजाऱ्याच्या घरून किल्ली आणायची पद्धत आपल्याला नवी नाही.

दुसरा दिवस

सकाळी लवकर, बसगाड्या यायच्या आत, कातोपर्यंत पायी उतरा आणि परत या. टोपी, पाणी, रबरी तळाचे बूट. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात काडी, सिगारेट, काचेची बाटली काहीही टाकू नका. जुलै २०२१ मध्ये याच डोंगरांत अराकापासजवळ पेटलेल्या वणव्यात चार इजिप्शियन शेतमजुरांचा जीव गेला. धूर दिसला तर ११२ वर फोन करा आणि खाली निघा, व्हिडिओ काढत थांबू नका.

परतताना दोन ठिकाणं वाटेवर आहेत. स्ताव्रोवूनी मठ डोंगराच्या टोकावर आहे, पण तिथे बायकांना आत सोडत नाहीत. आमच्या घरचे पुरुष वर गेले, मी खाली गाडीत बसून संत्री सोलली. त्यापेक्षा महामार्गाजवळचं खिरोकितिया निवडा. इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातली वस्ती, १९९८ पासून जागतिक वारसा यादीत. दगड-मातीची गोल घरं, आणि घरातली माणसं गेली की त्यांना घराच्याच जमिनीखाली पुरत. प्रवेशदाराजवळ पाच घरं पुन्हा बांधून दाखवली आहेत. मुलांना आधी तिथे वाकून आत जाऊ द्या, मग वरचे अवशेष त्यांना नुसते दगड वाटत नाहीत. ऊन चढायच्या आत पोचा, सावली फार नाही.

आणि घेतलेलं लिनन बॅगेत घडी करून दाबू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. घरी कोमट पाण्यात हाताने धुवायचं, पिळायचं नाही, थोडं ओलसर असतानाच उलट्या बाजूने जाड टॉवेलवर इस्त्री करायची. यंत्रात टाकायचं नाही, आणि लाँड्रीवाल्याकडे द्यायचं तर बिलकूल नाही.